सूनबाई आणि कलम सात

८ जानेवारी

लिहा. तोंड वाकडं करू नका, लिहा.

सूनबाईच्या ऑफिसनं यंदा वाटलेली ही डायरी चांगली जाडजूड आहे, आणि कोरी पानं दिसली की आमच्या ह्यांचे हात शिवशिवतात. मला अक्षर येत नाही. ह्यांना अक्षर येतं, पण सांगण्यासारखं काही नसतं. म्हणून ठरलं, मी बोलायचं आणि ह्यांनी उतरवायचं. मी बोलतेय आणि हे मान खाली घालून बसलेत, हे आमच्याकडे नवीन नाही. फक्त आज हातात पेन आहे.

घरात आम्ही तिघं. लेक बोटीवर इंजिनं सांभाळतो आणि पाहुण्यासारखा येऊन जातो. सूनबाई औषध कंपन्यांच्या संघाची सचिव आहे. ही औषधं म्हणजे कुटून, गाळून केलेल्या गोळ्या नव्हेत. मोठाल्या पोलादी पिंपांत जिवंत पेशी वाढवतात आणि औषध त्यांच्याकडून करून घेतात. ती या घरात आली तेव्हा मी विचारलं होतं, तुझं काम काय ग?

"सरकार नियम करतं ना आई, त्याआधी कंपन्यांचं म्हणणं सरकारच्या कानावर घालायचं."

"म्हणजे चुगली."

"नियम व्हायच्या आधी सांगितलं तर सूचना. झाल्यावर सांगितलं तर तक्रार. सूचना करणाऱ्याला चहा मिळतो."

माझा या सगळ्याशी संबंध एवढाच की त्यातलं एक इंजेक्शन मी घेते. संधिवातानं माझी बोटं मुठीत अडकली होती. हे माझे केस विंचरायचे. विंचरायचे कसले, अंगण झाडल्यासारखे दोन फटकारे मारायचे आणि झालं म्हणायचे. मूळ औषध बड्या कंपनीचं, आपल्या आवाक्याबाहेरचं. मग एका लहानशा प्रयोगशाळेनं त्यासारखंच दुसरं काढलं आणि माझी बोटं हळूहळू उलगडली. आता माझी बटणं मी लावते, ह्यांचीही लावते. हे खोडू नका. सगळ्यांना कळू दे.

१३ जानेवारी

आज सूनबाई खांद्यावरची बॅग न उतरवताच टेबलाशी बसली. म्हणाली, "आई, मसुदा आला."

मसुदा म्हणजे नियमाचं कच्चं रूप. मागच्या वर्षी कुठल्याशा औषधानं माणसं आजारी पडली, वर्तमानपत्रं पेटली, तेव्हापासून मंत्रालय धास्तावलंय. म्हणून आता कलम सात घातलंय. मूळ औषधासारखं दुसरं औषध करणाऱ्यानं ते शेकडो रोग्यांवर पहिल्यापासून तपासून बघायचं, मगच विकायचं. आधीपासून बाजारात असतील त्यांनीसुद्धा.

"बरोबरच आहे की," मी म्हटलं.

"ऐकायला बरोबरच आहे. म्हणून तर अवघड आहे." मग तिनं सांगितलं, एवढ्या तपासणीला वर्षं जातात. माझं इंजेक्शन करणारी प्रयोगशाळा तेवढी टिकणार नाही. दाराला कुलूप लागेल.

मी माझ्या बोटांकडे बघितलं. तीही बघत होती.

मग आमची तालीम सुरू झाली. ही तिची कामाची रीतच आहे. मंत्रालयात जे बोलायचं ते आधी माझ्यापुढे बोलते. मी चहाच्या भांड्याकडे बघायला लागले की ते वाक्य रद्द. ह्यांनी एकदा विचारलं, हिच्यापुढेच का? तर म्हणाली, "आईंना कळलं की मंत्र्यांना कळतं."

"म्हणजे मी मंत्र्यांइतकी हुशार."

"नाही आई, तुम्ही मंत्र्यांइतक्याच लवकर कंटाळता."

आज मी फारच कंटाळले. पेशी, रेणू, साम्य, सिद्धता. शेवटी म्हटलं, अग, दही लाव. तुझं दही आणि माझं दही. विरजण एका वाटीतलं, दूध एका पातेल्यातलं, तरी तंतोतंत एक नसतं. पण दोन्ही दहीच ना? आधी चमच्यानं चाखून बघ. फरक लागला तर चार माणसांना दे, त्यांना विचार. फरक लागलाच नाही तर शंभर पाहुणे कशाला बोलावतेस?

सूनबाईनं पेन उचललं. "परत सांगा," म्हणाली.

२२ जानेवारी

सूनबाई दिवसभर करते काय, हे आज ह्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "वाट बघते."

खरंच आहे. तिच्या बॅगेत एका पानाचं टिपण असतं, बिस्किटाचा पुडा असतो, आणि मंत्रालयाच्या लांबलचक व्हरांड्यांसाठी सपाट बूट असतात. कुठल्या अधिकाऱ्याला जेवणाआधी गाठायचं नाही, कुणाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाला आकडे लागतात आणि कुणाला चित्र काढून दाखवावं लागतं, सगळं तिला तोंडपाठ. कुणाच्या दारात तासभर बसवून परत पाठवलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच दारात तसंच हसून उभी. मी असते तर पहिल्याच दिवशी दार मोडलं असतं.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. आपल्याविरुद्धचा सगळ्यात जोरदार मुद्दा ती स्वतःच आधी सांगते. "नाहीतर मी बाहेर पडल्यावर दुसरं कुणीतरी येऊन सांगणारच. त्यापेक्षा माझ्या तोंडून, माझ्या उत्तरासकट ऐकू देत." खोटं मात्र बोलत नाही. खोटं बोलणाऱ्याला ते लोक एकदाच आत सोडतात, असं तिचं म्हणणं.

पोर माझी नाही, पण असती तरी मी एवढी शहाणी केली नसती.

२५ जानेवारी

आज गंमत झाली. हे वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. कुणी प्रोफेसरांचा लेख होता, कलम सातवर. वाचता वाचता हे थांबले आणि माझ्याकडे टकामका बघायला लागले. लेखात दही! विरजण, चमचा, शंभर पाहुणे, सगळं जसंच्या तसं. खाली प्रोफेसरांचा फोटो, चष्म्यासकट.

मी सूनबाईला विचारलं, माझं दही प्रोफेसरांच्या घरी कसं गेलं?

ती जरा लाजली. संघ कच्चा मजकूर करून देतो, म्हणाली. जाणकार माणसं वाचतात, फेरफार करतात, पटलं तर आपल्या नावानं छापतात. पटलं नाही तर परत पाठवतात.

"मग तो लेख कुणाचा?"

"त्यांना पटलं ना आई, म्हणजे त्यांचाच."

मला हे काही नीट गिळता आलं नाही. रोग्यांच्या संघटनेचं पत्रही असंच गेलंय म्हणे, तिथेही दही आहे. मंत्रालयातल्या माणसाला वाटत असेल, सगळा देश आपण होऊन दह्यावर बोलायला लागला. बोलणारं तोंड मात्र एकच, आणि तेही माझं. मला अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू? पण वाटता वाटता असंही वाटलं, की ज्याच्याकडे असा संघ नाही, त्याचं दही कोण लावणार?

३० जानेवारी

संघाचे अध्यक्ष घरी चहाला आले होते. मोठ्या कारखान्याचे मालक. ते जिना चढायच्या आधी त्यांचं अत्तर वर येतं, म्हणून मी त्यांना अत्तरवाले म्हणते. तोंडावर नाही.

सूनबाई त्यांना समजावत होती. कलम सात सगळंच काढा म्हणालो तर मंत्रालय बिथरेल आणि सगळंच ठेवेल. त्यापेक्षा आपणच चांगलं कलम लिहून द्यावं. प्रयोगशाळेतली तुलना सगळ्यांना सक्तीची. तुलनेत फरक निघाला तरच रोग्यांवर तपासणी. आणि औषध बाजारात आल्यावर कुणाला काय त्रास झाला त्याची नोंद, कुणालाही बघता येईल अशी उघडी.

"उघडी नाही," अत्तरवाले म्हणाले. "त्रासांची यादी चव्हाट्यावर मांडायची? उद्या प्रतिस्पर्धी ती घेऊन दारोदार फिरतील. आपली मागणी एकच, कलम सात रद्द. मधलं बिधलं काही बोलायचं नाही. कुणी बोललं तर त्याला संघात जागा नाही."

सूनबाईनं पुढ्यातले कागद गोळा केले. मला वाईट वाटलं. मग ती एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, ही बरणी जरा उघडून देता? मला जमत नाहीये."

मी उघडली. एका पिळात. आता सूनबाई म्हणजे घरातले नळ स्वतः दुरुस्त करणारी बाई, पण बोलून बोलून दमली असेल बिचारी. अत्तरवाल्यांचा कप मात्र हातातच राहिला. "हे हात त्या इंजेक्शनचे? अहो, मसुद्यावर सुनावणी घेणाऱ्या समितीसमोर यांना आणा! हे हात बघून दगड विरघळेल."

"नको," सूनबाई म्हणाली. "आई फार बोलतात."

"बोलू द्या की!"

"आई म्हणजे जाहिरात नव्हे. मला नाही वाटत हे बरोबर."

दोन-तीनदा नाही म्हणाली. ती नाही म्हणेल तसे ते जास्तच पेटले. शेवटी "अध्यक्ष म्हणून सांगतोय" वर आले. मलाही राग आला. मी काय बोलायला येत नाही अशी आहे? म्हटलं, मी येणार. जाताना अत्तरवाले दारात हळूच म्हणाले, "आजी, तुम्हाला मध्ये पुरळ उठलं होतं ना, तेवढं तिथे नको. लोक उगाच घाबरतात."

उठलं होतं. तिसऱ्या इंजेक्शननंतर, पाठभर. आपोआप गेलं. पण हे अत्तरवाल्यांना कुणी सांगितलं? मीच असेन.

३ फेब्रुवारी

माझ्यावर सूनबाईचा किती विश्वास आहे ते आज कळलं. सकाळी भाजी निवडताना जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, एक सांगते. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

आता माझ्याबद्दल हीच म्हणत असते, आईंना सांगितलं की वेगळी जाहिरात द्यावी लागत नाही. तरी मलाच सांगितलं. संघ समितीपुढे मागणी करणार ती सगळं रद्द करा अशी. पण मंत्रालयानं मधला मार्ग काढला, तुलना, फरक निघाला तरच रोगी, आणि उघडी नोंद, तर संघातल्या लहान प्रयोगशाळा उड्या मारून हो म्हणतील. बड्यांनाही नाही म्हणता येणार नाही. फक्त हे आपल्या बाजूनं कुणी बोलू शकत नाही.

"समजलं?" म्हणाली. मी हो म्हटलं. "म्हणून दाखवा बरं." मी दाखवलं. उघडी नोंद विसरले, तर तिनं पुन्हा म्हणून घेतलं. कुणाला सांगायचं नसेल तर एवढं पाठ कशाला करायचं, असं मी विचारलं. म्हणाली, "नीट माहीत असलं की चुकून तोंडातून जात नाही."

शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

१० फेब्रुवारी

सावकाश लिहा. आज खूप आहे आणि सगळं वाईट आहे.

समितीची सुनावणी होती. सूनबाईनं मला फार लवकर नेलं. बाकी मंडळींसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पण मला तिनं व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. "इथे ऊन आहे आई, बोटांना बरं. मी पाणी घेऊन येते." आणि गेली ती गेलीच.

थोड्या वेळानं एक बाई येऊन शेजारी बसल्या. साधा स्वेटर, कानात काही नाही. डबा उघडला, पाव आणि उकडलेलं अंडं. अंडं सोलताना मनगट दाबत होत्या.

"मनगट दुखतं का हो?" मी म्हटलं.

"टायपिंगचं जुनं दुखणं आहे."

"दाखवून घ्या. मीही म्हणायचे, धुण्याचं दुखणं आहे. आणि मग मूठ उघडेचना." मग मी त्यांना मूठ उघडून दाखवली, मिटून दाखवली. इंजेक्शनचं सांगितलं. पुरळाचंही सांगितलं. बाहेर बोलायला हरकत नव्हती, मनाई आतली होती. त्या इतक्या मन लावून ऐकत होत्या! हेही ऐकतात, पण ह्यांना दुसरा इलाज नाही.

"मग तुमच्या सूनबाईंना नेमकं काय हवंय?" त्यांनी अंड्यावर मीठ घालता घालता विचारलं.

आणि मी सांगितलं. तुलना, फरक निघाला तरच रोगी, उघडी नोंद. संघ मागणार काय आणि लहान प्रयोगशाळा हो म्हणतील कशाला, सगळं. शेवटी म्हटलं, "पण हे कुणाला सांगू नका हं." त्या म्हणाल्या, "छे छे." डबा बंद केला, आणि जाताना माझा हात हातात धरला.

मग आत बोलावलं. मोठं टेबल. मधल्या खुर्चीत समितीप्रमुख, आणि त्यांच्या डाव्या हाताला, कागदांचा गठ्ठा पुढे घेऊन, अंडंवाल्या बाई! मसुदा लिहिणाऱ्या त्याच.

अत्तरवाल्यांनी भाषण केलं, कलम सात रद्द करा. बाईंनी शांतपणे विचारलं, "समजा तुलना सगळ्यांना सक्तीची केली, रोग्यांवर तपासणी फक्त फरक आढळल्यास, आणि त्रासांची नोंद सगळ्यांना बघता येईल अशी ठेवली, तर संघाची हरकत असेल का?"

माझ्याच क्रमानं! मी छताकडे बघितलं. अत्तरवाल्यांनी सूनबाईकडे बघितलं. सूनबाई स्वतःच्या कागदाकडे बघत म्हणाली, "हे अध्यक्षांनी सांगायचं."

सगळे अत्तरवाल्यांकडे बघायला लागले. आता एवढ्या माणसांत, रोग्यांना काय त्रास होतो ते लोकांना कळू नये, असं कसं म्हणणार? घाम पुसून म्हणाले, "अर्थात... रोग्यांची सुरक्षितता सर्वांत आधी. आमची हरकत असायचं कारण नाही."

मग मला विचारलं. मी हात दाखवले. बाईंनी विचारलं, "काही त्रास?" मी अत्तरवाल्यांकडे बघितलं. त्या मघाशी सगळं ऐकून बसल्या होत्या, आता लपवणार काय? सांगितलं पुरळाचं. अत्तरवाल्यांना ठसका लागला.

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. सूनबाईनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का?

११ फेब्रुवारी

सकाळी माझा चहा कपातच निवला. हे म्हणाले, सांगून टाक. सांगितलं. म्हटलं, अग, मी तुझा घात केला. ती बाकावरची बाई अशी अशी होती, आणि मी सगळं ओकले.

सूनबाईनं कप खाली ठेवला. "सगळं?"

"सगळं."

"उघड्या नोंदीचं पण?"

"हो ग बाई, तेही."

"आणि पुरळ?"

"ते तर आधीच."

तिनं नॅपकिन घेऊन तोंडावर दाबला आणि तिचे खांदे हलायला लागले. पोर हमसून हमसून रडत होती. मी पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, रड बाई, रड. मग ती डोळे पुसून म्हणाली, "आई, तुमची काही चूक नाही." आणि माझ्या कपात आणखी साखर घातली.

कसलं मोठं मन. मी तिच्या जागी असते तर सासूला माहेरी पाठवली असती.

हे काय हसताय? म्हणतात, काही नाही, पेन अडकलं.

१९ फेब्रुवारी

अत्तरवाले शोध घेताहेत. मधला मार्ग मंत्रालयाला कुणी सांगितला? संघाची बैठक बोलावलीय. ज्यानं फोडलं त्याची नोकरी जाणार. आज सूनबाई जेवली नाही, टेबलाशी नुसती भिंतीकडे बघत बसली. त्या दिवशी रडली होती ती वेगळी. आज तिचा चेहरा पांढरा पडला होता. खरं घाबरलेलं माणूस मला कळतं.

ती कामाला गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, लावा अत्तरवाल्यांना फोन.

"माझ्या तोंडून गेलं," मी सांगून टाकलं.

अत्तरवाले म्हणाले, "आजी, पण तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

हा प्रश्न येईल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्यांनीही कपाळाला हात लावला. पण तोंड माझं आहे, ते थांबत नाही, हे आज कामी आलं. म्हटलं, "सांगायला कशाला हवं? तुम्ही माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून चहा पिता पिता सगळं बोललात. मी काय कानात बोळे घालून बसले होते? मधला मार्ग काय, ते तुमच्यासमोरच तर ती सांगत होती. आणि मला नेऊ नका, आई फार बोलतात, असं ती किती वेळा म्हणाली? हट्ट कुणाचा होता?"

म्हणाले, "माझा."

"मग बैठकीत हेच सांगू का येऊन?"

"नको नको," घाईनं म्हणाले. "तुम्ही येण्याची काही गरज नाही."

दुपारी बैठक झाली. चहा पिऊन सगळे उठले, असं सूनबाईनं संध्याकाळी सांगितलं. कसं काय मिटलं कुणास ठाऊक, म्हणाली. मी तिला फोनचं सांगितलं. ती उठली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. एवढी मोठी बाई. मी आपल्या बोटांनी तिचे केस विंचरले.

१२ मार्च

नियम आले. ह्यांनी वाचून दाखवलं. कलम सात अगदी तसं, तुलना, फरक निघाला तरच रोगी, उघडी नोंद. माझी प्रयोगशाळा टिकली. सूनबाई आल्या आल्या माझे दोन्ही हात धरून स्वयंपाकघरात गरागरा फिरली. भांडी पडली. पडू देत.

वर्तमानपत्रात अत्तरवाल्यांचं निवेदन आहे. "आमच्या संघाची सुरुवातीपासून हीच भूमिका होती." मी म्हटलं, या माणसाला लाज नाही का? सूनबाई म्हणाली, "ते मी लिहिलंय आई. हरलो असं वाटलं तर ते पुढच्या वर्षी नियम उलटवायला निघतील. जिंकलो वाटलं तर राखण करतील."

दुसऱ्याच्या हाताला धरून, त्याला न कळता, त्याच्याकडून चांगलं काम करून घेणं ही केवढी विद्या! पण लिहायचंच तर हेही लिहा. आज ती चांगल्यासाठी झिजली, मला बोटं मिळाली. उद्या त्याच बॅगेत, त्याच सपाट बुटांत, अत्तरवाल्यांच्या मनातलं करून घेणारी दुसरी कुणी बसली तर? तिलाही वाट बघता येत असेल. तिलाही सासू असेलच. हे सूनबाईला बोलून दाखवलं, तर म्हणाली, "म्हणून तर नोंद उघडी हवी होती, आई. आम्हाला कुणीतरी बघत राहायला हवं." आणि भांडी उचलायला लागली.

२ एप्रिल

आज दवाखान्यात इंजेक्शन होतं. नर्सनं आधी विचारलं, मागच्या वेळी काही त्रास? पुरळ, ताप, धाप? असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवा नियम. आणि कोपऱ्यात उभं राहून हे सगळं बघत कोण होतं? अंडंवाल्या बाई! नर्सा खरंच विचारतात का, ते बघायला न सांगता आल्या होत्या.

मी म्हटलं, "तुम्ही मला फसवलंत हो. मी तुम्हाला साधी बाई समजले."

त्या हसल्या. "मी साधीच आहे. वर्षानुवर्षं त्याच बाकावर, त्याच वेळी डबा खाते. सगळ्या मंत्रालयाला माहीत आहे. तुमच्या सूनबाईंना तर पक्कं. कितीदा तिथे येऊन वाट बघत उभ्या राहिल्यात, पण जेवताना मी कामाचं बोलत नाही, म्हणून कधी तोंड उघडलं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्याशी मात्र मी मनगटाचं बोलत होते."

नर्सनं सुई टोचली. ती मला कळलीसुद्धा नाही.

उन्हातला बाक. पाणी आणायला गेलेली, आली ती नाहीच. म्हणून दाखवा बरं. नॅपकिनमागचे हलणारे खांदे. अहो, तुम्हाला केव्हापासून माहीत होतं? मान खाली घालू नका. वर बघा. म्हणजे बरणीपासून?

मला राग यायला हवा होता. यायची वाट बघितली, आला नाही. आईनं, सासूनं, तुम्ही, लेकानं, सगळ्यांनी जन्मभर एकच सांगितलं, तोंड आवर. ही पहिली बाई निघाली, जिनं एवढं मोठं काम माझ्या याच तोंडावर सोपवलं, आणि ते नक्की उघडेल याची तिला खात्री होती. माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकला होता?

पण बाहेर आले, सूनबाई टॅक्सीचं दार धरून उभी होती, तिचा चेहरा बघितला आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. हे अत्तरवाल्यांच्या कानावर गेलं, की नोकरी गेली. म्हणजे आता ती माझ्या तोंडावरच उभी आहे, फक्त उलट्या बाजूनं. बाईंना दवाखान्यातून बाहेर पडताना तिनं बघितलं होतं. विचारलं तिनं, "काय म्हणाल्या बाई?" मी म्हटलं, मनगट तसंच दुखतंय म्हणाल्या.

घरी परतलो तर जिन्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण भेटली. अत्तरवाल्यांच्या कारखान्यात तिचा भाऊ हिशेब बघतो. "काय, मोठा विजय झाला म्हणे सूनबाईंचा! कसा काय जमवला?" सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं, बाकासकट, अंड्यासकट. मी नुसती मान हलवली आणि वर आले.

संध्याकाळी शेजारीण सूप घेऊन आली. ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारत होती, डॉक्टर काय म्हणाले, गंभीर आहे का? सकाळी जिन्यात भेटल्या तर काहीच बोलल्या नाहीत हो.